पाचवा डाग

“स्क्रब टायफस आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “आणि तुम्ही फार उशीर केलात.”

गोंदियाच्या दवाखान्यात मी निर्मलाच्या खाटेपाशी उभा होतो. निर्मला माझी बायको. तापाचा नववा दिवस होता. नाकाला ऑक्सिजन लावलेला, डोळे उघडे, पण मी कोण हे तिला कळत नव्हतं. अशा वेळी माणसाने बायकोचा हात धरावा. मी खिशातून फोन काढला आणि त्यात ‘स्क्रब टायफस’ लिहायला लागलो. मॅडमनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तुमच्या घरी असा ताप आला तर माझ्यासारखं करू नका, म्हणून हे लिहितो आहे. यात शहाणपणाचं फारसं काही नाही. बराचसा मूर्खपणाच आहे, आणि तो माझाच आहे.

सडक अर्जुनीच्या बाजूला आमचं गाव. थोडी धानाची शेती आहे आणि हायवेवर माझं कृषी केंद्र आहे, म्हणजे बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. दुकानात बसून बातम्या वाचायची मला खोड. गेल्या वर्षभरात तर रोज एक बातमी यायची. एआयने अमका आजार ओळखला, एआय डॉक्टरांच्या पुढे गेलं, आता खेड्यातल्या माणसाच्या खिशात डॉक्टर आला. मी त्या बातम्या गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवायचो. फोनमध्ये तसलं ॲपही घेतलं होतं. मराठीत विचारा, मराठीत उत्तर. कोणाची शुगर, कोणाचं बीपी, सगळं मी त्याला विचारून सांगायचो. घरी गेलो की निर्मला म्हणायची, “आले डॉक्टर, हात धुवा नि जेवा.”

धान निसवायचे, म्हणजे लोंब्या बाहेर पडायचे दिवस होते. निर्मला रोज धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, म्हशीसाठी गवत कापायला जायची. त्याच्या आधी निंदणात तिची कंबर धरली होती, तेव्हा शेजारच्या फुलवंताकाकीने तिला बिब्बा दिला होता. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. बिब्बा दिव्यावर तापवायचा, त्याचं तेल दाभणाच्या टोकावर घ्यायचं आणि दुखऱ्या जागेवर डाग द्यायचा. चामडी काळी पडते, खाजते, आणि कंबर मोकळी होते असं बायका म्हणतात. काकी सत्तरीची आहे. गावात निम्म्या बायकांच्या कमरेवर तिच्या हातचे डाग असतील.

मग ताप आला. पहिल्या दिवशी थंडी वाजून आला आणि डोकं असं दुखलं की निर्मलाने ओढणीने करकचून बांधून घेतलं. मी ॲपला विचारलं. ते म्हणालं, व्हायरल ताप असू शकतो, पाणी भरपूर प्या, तापाची गोळी द्या. तीन दिवस मी तेच केलं. वर कोणाच्या तरी मेसेजवरून पपईच्या पानांचा रसही पाजला. तो तिने ओकून टाकला.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “नाडीखाली काही खपलीसारखं लागून राहिलं. पाहा बरं.”

मी परकराची नाडी सैल केली, फ्लॅश लावला आणि फोटो काढला. वाचायचा चष्मा गल्ल्यावर राहिला होता. काळे डाग दिसले. काकीचेच, दुसरे कोणाचे असणार? मी फोटो ॲपमध्ये टाकला आणि खाली लिहिलं की हे बिब्ब्याचे डाग आहेत, ताप पण आहे, यांचा काही संबंध आहे का. उत्तर लगेच आलं. तुम्ही खूप चांगला प्रश्न विचारला आहे. हे बिब्ब्याच्या रसाने भाजलेल्या त्वचेचे डाग आहेत. जागा स्वच्छ ठेवा. तापाशी त्यांचा थेट संबंध असण्याची शक्यता कमी आहे. काळजी करू नका.

ते गोड ‘काळजी करू नका’ आठवलं की आजही मला शिसारी येते. बोलणाऱ्याला ना बायको, ना कंबर, ना ताप. आणि मी मात्र निर्मलाला ते असं वाचून दाखवलं, जसं काही मीच शोध लावला होता.

पाचव्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. सलाईन लागली, रक्त तपासलं. टायफॉईड असेल, डेंग्यू असेल, पाहू म्हणाले. सातव्या दिवशी प्लेटलेट उतरल्या. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. डॉक्टर साफ म्हणाले, “आजच्या आज गोंदियाला न्या.”

आता खरं सांगतो. दुकानात फवारणीच्या औषधाची गर्दी होती. वर्षातले तेच आमचे दिवस. न्यायला माझं मन नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी रिपोर्टचा फोटो ॲपला दिला. त्याने एकेक ओळ इतकी छान समजावून सांगितली की तसं आजवर कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. प्लेटलेट कमी आहेत, पण लगेच घाबरण्यासारखी पातळी नाही. शेवटी, डॉक्टरांचा सल्ला घ्या. ते शेवटचं वाक्य प्रत्येक उत्तराखाली असायचं, त्यामुळे ते मला दिसायचंच बंद झालं होतं, तंबाखूच्या पुडीवरचा इशारा दिसत नाही तसं. डॉक्टर समोर खुर्चीवर बसले होते. त्यांचा सल्ला माझ्या कानात होता. तरी मी तिला घरी घेऊन आलो आणि दुकान उघडलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी निर्मला वारलेल्या सासूशी बोलायला लागली. श्वास लागत होता. नवव्या दिवशी पहाटे गाडी केली. सोबत बाई माणूस पाहिजे म्हणून फुलवंताकाकी न सांगता येऊन बसली. कोहमारा, गोरेगाव, सगळा रस्ता तिने निर्मलाचं डोकं मांडीवर धरलं होतं. मी पुढे बसून ॲपला विचारत होतो, तापात माणूस बडबडतो म्हणजे काय.

दवाखान्यात सगळीकडे माझ्यासारखीच माणसं बसली होती. ज्याचा त्याचा रोगी आत आणि ज्याचं त्याचं तोंड फोनमध्ये. एकजण शेजारच्याला हिंदीत समजावत होता, “देखो, इसमें लिखा है, नॉर्मल है.” तो मीच होतो.

आत मॅडम निर्मलाला तपासत होत्या. वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती. काखा पाहिल्या, कानामागे पाहिलं, मांडीचे सांधे पाहिले. मग कुशीवर वळवलं.

“हे डाग कसले?”

“बिब्ब्याचे,” मी म्हणालो. तेच, ठासून.

“म्याच देल्ले मॅडम,” काकी म्हणाली. “कंबर धरली होती ना तिची.” आणि ती जवळ वाकली. काकीला लिहिता-वाचता येत नाही, पण आपल्या हातचं काम तिला कळतं. तिने बोट टेकवत मोजलं, “एक, दोन, तीन, चार.” आणि थांबली.

“अन् हा पाचवा कोनाचा? हा माह्या हातचा नाही. म्या चारच देल्ले होते, एका लाइनीत. हा नाडीखाली काऊन राहीन? नाडीखाली म्या कधीच डाग देत नाही.”

मॅडमनी बॅटरी घेतली. चार डाग कोरडे, सपाट होते. पाचव्याच्या मध्ये काळी खपली होती आणि भोवती लाल कडं. दाबलं तर निर्मला हललीसुद्धा नाही. याला डॉक्टर एस्कार म्हणतात. गवतात डोळ्याला न दिसणारा बारीक किडा असतो. तो जिथे कपडा घट्ट बसतो तिथे चावतो, दुखत नाही, आणि तिथे अशी खपली धरते. त्याच्या चाव्यातून जो ताप येतो तो स्क्रब टायफस. वेळेत कळला तर जुन्या, साध्या गोळ्यांनी उतरतो. नाही कळला तर फुप्फुस, किडनी, मेंदू, एकेक धरत जातो. माणूस दगावतो.

“रिपोर्टची वाट पाहत नाही, डॉक्सीसायक्लिन सुरू करते,” मॅडम म्हणाल्या. “पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. मी खात्री देत नाही.”

ते दोन दिवस मी व्हरांड्यात काढले. फोन बंद करून ठेवला. आतून कोणी बाहेर आलं की मी उठून उभा राहायचो. सत्तावीस वर्षं या बाईने मला ताट वाढलं आणि मी तिचे पाच डाग मोजले नव्हते. मला माझीच किळस येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन निघाला. निर्मलाने मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, “म्हैस कोन दोहून राहिलं?” मी तिथेच रडलो. काकीने सगळी हकीकत सांगितल्यावर मात्र तिने माझ्याकडे मान वळवली.

“म्या तुमाले पाहा म्हनलं होतं,” ती म्हणाली. “तुमी फोनले दाखवलं. तुमी सोता पाह्यलं काय?”

तिला ठाऊक नसेल, पण तिने नेमकं दुखणं धरलं होतं. दुकानात शेतकरी पानाचे फोटो घेऊन येतात आणि मी त्यांच्यावर खेकसतो. फोटो कायले दाखवून राहिला? तुडतुडा पानावर नाही, बुडाशी बसते. धानाचं चूड मुळासकट उपटून आण, तवा औषध देतो. वीस वर्षं मी हे सांगत आलो आहे. धानासाठी.

घरी आल्यावर एक काम केलं, ते केलं नसतं तर बरं झालं असतं. तोच जुना फोटो ॲपला दिला. या वेळी एवढंच लिहिलं की ताप आहे आणि हे डाग कसले आहेत ते माहीत नाही. पहिल्याच ओळीत उत्तर आलं, स्क्रब टायफसची शंका, ताबडतोब दवाखान्यात जा. म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी बिब्बा म्हणालो म्हणून ते बिब्बा म्हणालं. गावच्या पाटलापुढे मान डोलावणारी माणसं असतात, तसं. मी रागाने लिहिलं, मग तेव्हा का नाही सांगितलं? ते म्हणालं, तुमचं बरोबर आहे, झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व. मनापासून! मला घाण वाटली. ॲप काढून टाकलं. पण ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मला चौथ्या दिवशी लिहिता आले नाहीत, ते ॲप काढून कसं जाईल?

काकीने माफी मागितली नाही. ती एवढंच म्हणाली, “बाबू, माह्या डागायमंदी तो लपला.” आणि त्या दिवसापासून तिने दाभण हातात धरलं नाही. बायका येतात, ती परत पाठवते.

मॅडमचे, सिस्टरांचे आणि काकीचे उपकार आहेत. बातम्यांचे नाहीत. तुमच्याकडे गवतात, धानाच्या बांधीत जाणाऱ्या माणसाला ताप आला तर आधी दवाखाना गाठा, आणि कपड्याखाली कुठे काळी खपली आहे का ते स्वतः पाहा. ती कसली हे माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

निर्मला पुन्हा गवताला जाते. ऐकत नाही. संध्याकाळी आंघोळ करून आली की मी वाचायचा चष्मा लावतो, ती पाठ करून बसते. आधी लाजायची, आता घाई करते.

“झालं काय? भात करपून राहिला.”

“थांब,” मी म्हणतो, आणि बोट टेकवून पुन्हा मोजतो. चार काकीचे, एक त्या किड्याचा. पाच. पाचच.