टेकडीचे तीन फेरे

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात मी नागपुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि शाळेत सायकलवर जात होते. तेवढ्यानेच लोक वळून बघत. त्यात सीताबर्डीच्या आमच्या सायकल-मिस्त्रीने सेमिनरीच्या टेकडीवर शर्यत ठरवली. दुकानाच्या पाटीवर खडूने लिहिलं, ‘ज्याच्याजवळ सायकल, त्याने यावं.’ मी जाऊन नाव दिलं.

मिस्त्री पाना हातात धरून बघतच राहिला. “बाई, चढ मोठा हाय. तुमाले जमन का?”

“पाटीवर बायकांनी येऊ नये असं लिहिलंय का?”

“नाही बा,” म्हणत त्याने नाव लिहून घेतलं.

टेकडीवर रस्ते भरपूर, त्यामुळे शर्यत कुठून न्यायची यावर दुकानात आठवडाभर वाद चालला. लहान फेरा माथ्यावरच फिरून यायचा. मधला बंगल्यांच्या मागून जायचा. मोठा पार तेलंगखेडीच्या तलावापर्यंत उतरायचा आणि तेवढंच पुन्हा चढायचा. ज्याला जो सोपा, तो त्याच्यासाठी भांडे. शेवटी वैतागून मिस्त्रीने तिन्ही फेरे एकापाठोपाठ ठेवले आणि वळणावळणावर चुन्याचे बाण काढले.

आदल्या संध्याकाळी वडिलांनी माझ्या सायकलची चेन स्वतः पुसली, तेल घातलं. “पडशीन तं रडत येऊ नको वं,” एवढंच बोलले.

रविवारी सकाळी अकरा पुरुष आणि मी. नऊवारीचा कासोटा मी घट्ट खोचला होता. धोतरवाल्यांपेक्षा माझीच सोय बरी होती. तरी पहिल्या फेऱ्यात मी सगळ्यांच्या मागे पडले. पुढे होता टेकडीचा पोस्टमन. रोज डाक घेऊन ही टेकडी चढणारा माणूस, त्याला काय! बाकीचे मान खाली घालून त्याच्या चाकामागे लागले होते.

दुसऱ्या फेऱ्यात, बंगल्यांच्या मागे, बाण सरळ दाखवत होता आणि पोस्टमन डावीकडे वळला. त्याच्यामागून उरलेले दहाही वळले. क्षणभरात एका फाटकाच्या आतून कुत्र्यांचा आणि माणसांचा एकच गलका ऐकू आला. मी पाय टेकून थांबले. बाण पुन्हा नीट पाहिला. सरळच होता.

“अहो, रस्ता इकडे आहे!” मी ओरडले. त्या भुंकण्यात कोण ऐकणार? मी पेडल मारलं.

तलावाचा उतार मी एकटीने उतरले. पदर कानाशी फडफडत होता आणि मला उगीचच हसू येत होतं. काठावर कपडे आपटणारी एक बाई हात थांबवून ओरडली, “काहून वं बाई, कोणी मागं लागलं का?”

“अजून नाही!”

लागले ते परतीच्या चढावर. निम्म्यात पोस्टमनने मला गाठलं. घामाने निथळत तो म्हणाला, “बाई, रोज त्या बंगल्यात डाक देतो ना, तं हँडल आपोआप वळलं!” मला इतकं हसू फुटलं की होता तो दमही गेला. तेवढ्यात तो पुढे निघाला. मी दुसरी आले, दोन सायकलींच्या अंतराने.

दुसरं बक्षीस होतं धोतरजोडी. मिस्त्री ओशाळला. “बाई, उद्या बदलून लुगडं आणून देतो.”

“मुळीच नको,” मी म्हणाले. जिंकलेली वस्तू बदलायची कशाला?

दुसऱ्या दिवशी वडील त्यातलं एक धोतर नेसून मित्रांकडे गेले. कोणी नुसतं ‘नवं दिसते’ म्हटलं, की ते काठीने धुळीत तिन्ही फेरे काढून सगळी शर्यत सांगत. सुरुवातीला पोस्टमन माझ्यापेक्षा दोन सायकली पुढे असायचा, मग एक, मग अर्धी. संक्रांतीपर्यंत त्यांच्या सांगण्यात मीच पहिली आले होते.