सोन्याचे भाडेकरू

चहा ओततोय तोवर एक कबूल करा. ऐकून झाल्यावर माझ्या बायकोकडे बघून हसायचं नाही. ती या प्रकरणावर आधीच पोटभर हसलेली आहे. आता हा घोळ सुरू तरी कुठून करू? दुपारपासून करतो. माझे सगळे घोळ दुपारीच सुरू होतात.

मी निवृत्त माणूस. कांदिवलीला आमची चार मजली सोसायटी आणि गेली नऊ वर्षं मी तिचा सेक्रेटरी. दुसरं कोणी उभंच राहत नाही म्हणून, असं सुनंदा म्हणते. सुनंदा म्हणजे तीच, हसणारी बायको. दुपारी जेवण झालं की मी हॉलमधल्या फिश टँकसमोर खुर्ची ओढायचो. आत एकच गोल्डफिश, त्याचं नाव सोन्या. चांगला बटाटेवड्याएवढा झाला होता. खिडकीतून ऊन यायचं, पाणी पिवळसर व्हायचं, सोन्या तोंड उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा, आणि बघता बघता मी कुठल्या कुठे निघून जायचो. डोळे अर्धे मिटलेले, वर पंखा. कधी कधी तर वाटायचं की टँकमध्ये मी आहे आणि सोन्या खुर्चीत बसून मला बघतोय. फार बरं वाटायचं हो.

अशाच एका दुपारी मनात आलं, याला एकटं वाटत असणार. एवढी ऐसपैस जागा आणि राहणारा एक. मी एका खोलीत सात माणसांत वाढलोय, मला रिकामी जागा बघवत नाही. ठरलं. सोन्याला सोबत आणायची.

आणि सोबत निवडणं हा तर माझा हातखंडा. सोसायटीत नवा भाडेकरू यायचा म्हणजे आधी माझ्यासमोर बसावं लागतं. प्रश्न ठरलेले. फॅमिली आहे का? रात्रपाळी आहे का? आवाज किती? पाहुणे किती? खाणं काय? आमच्या स्वतःच्या घरी आठवड्यातून तीनदा बांगडा होतो, पण विचारायचं ते विचारायचंच.

त्या दिवसांत एक अर्ज माझ्याकडे पडून होता. मेघना नावाची मुलगी, मूळची अकोल्याची, सांताक्रूझला एका हॉस्पिटलात नर्स. तिसऱ्या मजल्यावरचं दातारांचं घर तिने पसंत केलं होतं. दातार द्यायला तयार, ती घ्यायला तयार, अडलं होतं फक्त माझ्या सहीवर. एकटी राहणार आणि रात्रपाळी करणार. माझ्या दोन प्रश्नांत तिथेच नापास. बरं, नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं, म्हणून मी ठेवणीतलं उत्तर द्यायचो, "कमिटी विचार करतेय." कमिटी म्हणजे मीच. तिला जुनी खोली महिनाअखेर सोडायची होती. दर रविवारी बिचारी विचारायला यायची. सुनंदा तिला चहा द्यायची आणि माझ्याकडे डोळे वटारायची.

तर मी मालाडला माशांच्या दुकानात गेलो. तिथे रंगीत शेपट्यांचे गप्पी मासे फिरत होते. इतके नाजूक, की मी थोडा वेळ काय विचारायचं तेच विसरलो. मग सेक्रेटरी जागा झाला.

"काय खातात हे?"

"दाणे टाका साहेब. थोडं शेवाळ खातात."

"भांडखोर आहेत?"

"एकदम शांत."

"एकटे राहतात?"

"छे, यांना फॅमिली लागते. आठ घेऊन जा."

मला भरून आलं. असे भाडेकरू माणसांत मिळत नाहीत. शेजारी काचेला एक काळा, ओबडधोबड मासा चिकटून बसला होता. दुकानदार म्हणाला, "हा सकर. काच साफ करतो. दिवसा झोपतो, रात्री काम करतो." म्हणजे इथेही रात्रपाळी. चेहरासुद्धा मला पटला नाही. पण साफसफाईला असू दे म्हणून तात्पुरता घेतला.

पिशव्या बांधता बांधता दुकानदाराने विचारलं, "पण साहेब, तुमचा गोल्डफिश केवढा आहे?"

"त्याचं काय? तो घरचा आहे."

तो पुढे काहीतरी बोलणार होता. मी मोठ्या मनाने हात हलवला आणि रिक्षा पकडली.

पहिली दुपार म्हणजे स्वर्ग होती. उन्हात आठ शेपट्या हलत होत्या. सोन्या त्यांच्या मागे मागे फिरत होता, आजोबा नातवंडांच्या मागे फिरतात तसा. मी सुनंदाला हाक मारली, "बघ, किती माया लावलीय त्याने." सुनंदा भाजी निवडत होती. ती म्हणाली, "जरा जास्तच जवळ जातोय तो."

दुसऱ्या दिवशी सात होते.

मी झाडांमागे बघितलं, दगडांखाली बघितलं. मग नजर गेली सकरकडे. काचेला चिकटून गप्प बसलेला. दिवसभर झोपा काढतो, मग रात्री करतो तरी काय? मला पुरावा लागलाच नाही. त्याला जाळीने उचलला आणि गॅलरीतल्या बालदीत टाकला.

तिसऱ्या दिवशी सहा, चौथ्या दिवशी पाच.

"तू पाणी बदलताना सांडले का गं?" मी सुनंदाला विचारलं.

"मी टँकला हात लावते का? आणि माझ्यावर संशय घेताय? मासे खायचेच असते तर बाजारातून पापलेट आणलं असतं, असले मूठभर जीव कशाला खाऊ?"

मग मी स्वतः पहारा द्यायचं ठरवलं. दुपारी. म्हणजे झोपलो, हे तुम्ही ओळखलंच असेल. झोपेत आमचा जिना पाण्याने भरला होता आणि पायऱ्यापायऱ्यांवर गप्पी अर्ज घेऊन उभे होते. मी म्हणत होतो, कमिटी विचार करतेय, आणि ते एकेक करून पाण्यात विरून जात होते. जाग आली तेव्हा टँकमध्ये तीन होते. सोन्या माझ्याकडेच बघत होता, तोंड उघडत, मिटत. किती निरागस चेहरा. मला वाटलं, हाही घाबरलाय.

रविवार आला आणि मेघना आली. तोवर गप्पी दोन उरले होते, एक लाल शेपटीचा आणि एक राखाडी, थोराड मादी. मेघना चहा घेत टँकसमोर बसली. मी तिला सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी, जिभेला हाड नाही म्हणतात ना, तसं बोलून गेलो, "खरं सांगू? रात्री जागणाऱ्यांचा मला भरवसाच वाटत नाही."

सुनंदाने कपाळाला हात लावला.

मेघना टँककडेच बघत होती. म्हणाली, "काका, आत्ता बघा."

सोन्या सावकाश, अगदी प्रेमाने लाल शेपटीवाल्याच्या मागे गेला. तोंड उघडलं, मिटलं. ओठांबाहेर लाल शेपटीचं टोक क्षणभर दिसलं, मग तेही दिसेना. आणि चेहरा तोच, निरागस.

"तोंडात मावेल ते खातात ते," मेघना म्हणाली. "आमच्या वॉर्डाबाहेर टँक आहे, तिथे बघितलंय मी. तुम्ही सगळ्यांची चौकशी केलीत काका, मालकाची तेवढी केली नाहीत."

मला लाज वाटली. खरंच वाटली. गॅलरीत जाऊन मी सकरला बालदीतून काढलं आणि त्याच्या जागी परत सोडलं. सोन्याने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग मी कपाटातून मेघनाचा अर्ज काढला, चष्मा लावला आणि नऊ वर्षांत केली नव्हती इतकी झोकदार सही ठोकली. शिक्काही मारला. अर्ज दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. डोळ्यांसमोर दिसू लागलं, ही तिसऱ्या मजल्यावर राहतेय, येता-जाता माझं बीपी बघतेय, सुनंदाशी गप्पा मारतेय.

मेघना संकोचली. "काका, मी आज अर्ज परत न्यायलाच आले होते. मालाडला घर मिळालं मला कालच. यावरचे माझे दोन फोटो तेवढे हवे होते, तिकडे द्यायला."

मी विचारलं, "तिथे काय काय विचारलं तुला?"

"सामान कधी आणतेस, एवढंच."

मी अर्जावरचे फोटो सोडवून तिला दिले. ती निघाली, दारापर्यंत गेली आणि थबकली. "काका, ती राखाडी मी नेऊ? तिकडे जागा आहे."

सुनंदाने लोणच्याची धुतलेली बरणी आणली, पाणी भरून त्यात त्या मादीला अलगद सोडलं आणि वर मलमलचा तुकडा बांधून मेघनाच्या हातात दिली. आम्ही गॅलरीतून बघत राहिलो. मेघना बरणी छातीशी धरून गेटबाहेर पडली, रिक्षात बसली, रिक्षा वळली.

सुनंदाने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "चला, दोघी सुटल्या."