औटी सरांचं ‘पाहिले’

कविता हातात आली की औटी सर ती आधी वाचत नसत. कागद उलटा करून टेबलावर ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याला विचारायचे, “हे तुजं हाये का?” मग उत्तर येईपर्यंत गप्प. वर्गात पदार्थविज्ञान अगदी छापील मराठीत शिकवणारा हा माणूस हा प्रश्न मात्र आपल्या गावच्या, बोरी बुद्रुकच्या बोलीत विचारायचा. घरातल्या मोठ्या माणसानं विचारल्यासारखं वाटायचं आणि खोटं बोलणं जड जायचं.

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी एफ.वाय.ला होतो. बेल्ह्याहून एसटीनं यायचो. वडील बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाल, घरात पुस्तक नावाला नाही. मामाकडच्या एका जुन्या दिवाळी अंकातली आईवरची कविता दोन-चार शब्द बदलून मी ‘काठ’साठी दिली होती. ‘काठ’ हा आमच्या कॉलेजचा वार्षिक अंक आणि औटी सर त्याचे संपादक. सरांनी विचारलं, मी “हो” म्हणालो. सर बघत राहिले. शेवटी मीच म्हणालो, “नाय सर.”

“मंग तुजं काय हाये?”

“काय नाय. वडील बाजारात सौदे करतात.”

“कसं करतात?”

मी सांगितलं. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून भाव बोलायचा; बाहेरच्याला काही कळत नाही. आमचे वडील तोंडानं पावसापाण्याचं बोलत असायचे आणि उपरण्याखाली बैल विकत असायचे. सर खूश झाले. “हे लिही,” म्हणाले. ते मी लिहिलं आणि त्या वर्षीच्या ‘काठ’मध्ये पहिल्या पानावर आलं. वडिलांनी तो अंक पुढचे कित्येक आठवडे बाजारात खिशातून नेला.

पदार्थविज्ञानाच्या माणसाकडे हे काम कसं आलं, तर स्टाफ मीटिंगमध्ये संपादकाचं नाव विचारलं तेव्हा बाकीचे सगळे छताकडे बघत होते आणि सर वही तपासत होते. त्याआधी ‘काठ’ म्हणजे अध्यक्षांचा फोटो, प्राचार्यांचं मनोगत, पतसंस्थांच्या जाहिराती आणि कुठून कुठून उतरवलेल्या कविता. सरांनी फोटो ठेवले, उतरवलेलं सगळं बंद केलं. प्रत्येक पानाचं प्रूफ तीनदा वाचायचे आणि शेवटी खाली कोपऱ्यात लाल पेनानं ‘पाहिले’ लिहून तारीख घालायचे. अंक छापायचा जुन्नरच्या रशीदभाईंच्या प्रेसमध्ये. रशीदभाईंचा नियम होता, “ज्या पानावर सरांचं ‘पाहिले’ न्हाई, ते पान मशीनवर चढत नाय.” एकदा खुद्द अध्यक्षांच्या माणसानं घाई केली, तरी ते बसून राहिले होते.

सरांचा दुसरा उद्योग हिऱ्यांचा. कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला होता आणि त्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. आठवडाभर त्यावर पगारपत्रकं निघायची. रविवारी मात्र तो सरांचा. लुनावरून डबा घेऊन यायचे आणि दिवसभर हिऱ्याच्या पृष्ठभागावरच्या अणूंची गणितं मांडत बसायचे. वायूतून प्रयोगशाळेत हिरा वाढवतात तेव्हा कार्बनचा नवा अणू येऊन नेमका कुठं बसतो, एवढाच त्यांचा प्रश्न. सपाट जागेवर, की जिथं एक थर संपून दुसरा सुरू होतो त्या पायरीच्या कडेला? वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे त्यांच्या प्रोग्रॅमला दर अर्ध्या तासानं फ्लॉपीवर टिपून ठेवायची सवय लावली होती. शिपाई तुकाराम दर सोमवारी विचारायचा, “सर, निगाला का येखादा हिरा?” सर म्हणायचे, “निघाला की पहिला तुला दाखवतो.”

टेबलावर सायकलच्या तारा आणि मातीचे भाजलेले मणी जोडून केलेला एक हिरा होता. तो फिरवत सर सांगायचे, “आतल्या अणूला चार हात, चारही धरलेले. वरच्या थरातल्याचे दोन मोकळे. मोकळा हात फार वेळ मोकळा राहत नाही, शेजारी जो मिळेल त्याला धरतो. म्हणून आतला फार सज्जन असतो असं समजू नको. त्याला संधी नसते, एवढंच.” हे ऐकताना मी मान डोलवायचो. पुढे एम.एस्सी.ला पुण्यात गेलो तेव्हा तिथल्या मुलांना मोठ्या ऐटीत हे सांगायचोही.

सरांनी निष्कर्ष लिहून परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला होता. उत्तर आलं, याहून मोठ्या तुकड्यावर करून बघा. सर म्हणाले, “बरोबर म्हणतात ते. आपल्या मशीनला तेवढा दम नाय.” काही वर्षांनी नवीन कॉम्प्युटर आले, सरांनी मोठ्या तुकड्यावर सगळं परत केलं आणि गणिताचं उत्तर पूर्वीचंच आलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला स्टँडवरची भेळ दिली, तुकारामला दोन पुडे. पण मधल्या काळात तिकडे दुसऱ्या कुणीतरी तेच छापून टाकलं होतं. सरांची पीएच.डी.ची नोंदणी केव्हाच बाद झाली होती. भेळ संपल्यावर त्यांनी हे सगळं मला एका दमात सांगितलं आणि कागद बांधून कपाटात ठेवले.

तोवर मी कॉलेजात परत आलो होतो, तासिका तत्त्वावर. दर जूनला नवीन नेमणूक, दर मार्चला निरोप. सरांनी मला ‘काठ’चा सहसंपादक करून घेतलं होतं. लग्नाच्या बोलण्यात मुलीकडचे “पर्मनंट हायेत का?” एवढंच विचारायचे आणि वडील पावसापाण्याचं बोलायला लागायचे.

अशात कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार असं ठरलं. भिंती रंगल्या, बागेत कुंड्या आल्या, ग्रंथालयातल्या पुस्तकांची धूळ झटकली. संशोधन कुठून आणायचं हा प्रश्न होता. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की यंदा ‘काठ’मध्ये विज्ञानाचा मोठा लेख हवा, आणि औटी सर माझं ऐकतात. मी सरांकडे गेलो. सर बराच वेळ मण्यांचा हिरा फिरवत बसले. मग म्हणाले, “ते आता जगाचं झालंय. पर आपल्या भाषेत कुणी लिवलेलं नाय. तू मागतोयस म्हणून देतो.”

त्यांनी अठरा पानं लिहिली. मी आजवर मराठीत वाचलेलं विज्ञानावरचं इतकं स्वच्छ लिखाण दुसरं नाही. त्यात तुकाराम होता, लुना होती, फ्लॉपी होत्या, जाणारी-येणारी वीज होती आणि शेवटी पायरीच्या कडेला येऊन बसणारा तो अणू होता. वर एकच नाव होतं, प्रा. का. ग. औटी. आठ-नऊ वर्षांच्या रविवारांचं एवढंच नाव उरणार होतं. सरांनी तीन प्रुफं वाचली आणि ‘पाहिले’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला परत बोलावलं. चहा मागवला. यंदा पाऊस बरा झाला, डिंभ्याच्या धरणाचं पाणी आलं की आंबेगावकडचे लोक सुखी, असं काय काय बोलले. मग म्हणाले, “कॉलेजच्या मशीनवर झालेलं काम कॉलेजचंच म्हणायचं की नाही? माझं नाव वर टाका. मार्गदर्शन म्हणून. तुमचंही खाली टाका, जूनमध्ये जागा निघतेय, मुलाखतीत उपयोगी पडेल.” मी बाजारातल्या दलालाचा मुलगा. बोटं दाबली गेली हे मला कळलं आणि मीही दाबली. सरांना विचारतो, एवढंसुद्धा मी म्हणालो नाही.

मी प्रेसमध्ये गेलो आणि डीटीपीवाल्याला पहिलं पान बदलायला सांगितलं. तीन नावं. प्राचार्यांचं वर, सरांचं मध्ये, माझं शेवटी. शेवटी टाकलं म्हणजे जरा बरं दिसेल, एवढी अक्कल त्या वेळी शिल्लक होती. लेखातला ‘मी’ सगळीकडे ‘आम्ही’ करून घेतला. ‘आम्ही लुनावरून यायचो’ असं वाक्य झालं, तेही मी तसंच ठेवलं.

रशीदभाईंनी पान हातात घेतलं. “सर, हे बदललंय.”

“हो. किरकोळ आहे.”

“मंग ह्याच्यावर ‘पाहिले’ न्हाई.”

“सरांनी कालच बघितलंय, भाई.”

“काल ते पान येगळं व्हतं,” ते म्हणाले. “बदललेली पानं मी सरांकडं बोरीच्या गाडीला कंडक्टरच्या हाती धाडतो. उद्या दुपारी या.”

मी अडवायचा प्रयत्न तरी करू शकलो असतो. प्राचार्यांचं नाव सांगून दम दिला असता तर रशीदभाईंनी ऐकलं नसतं, पण मी काय करतोय ते निदान उघड झालं असतं. मी तेही केलं नाही. घरी गेलो आणि मनातल्या मनात आशा करत राहिलो की सर चिडतील, नाव काढा म्हणतील, आणि सगळं माझ्या हातून परस्पर निसटेल.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मशीन बंद होतं आणि रशीदभाई चहा पीत होते. बाकीची पानं सरांच्या ‘पाहिले’सह टेबलावर होती; पहिल्या पानाचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम कमी होता, तो सरांनी लाल पेनानं घातला होता. एका जागी ‘आम्ही’नंतरचं क्रियापद माझ्या घाईत चुकलं होतं, तेही दुरुस्त केलं होतं. खाली कोपऱ्यात ‘पाहिले’ आणि तारीख. आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात: ‘हे तुजं हाये का?’

“सरांनी ‘पाहिले’ लिवलंय,” रशीदभाई म्हणाले. “माझ्याकडनं आता अडचण नाय. खाली तुमाला कायतरी इचारलंय, ते तुमचं तुमी बघा. मला घाई नाय. मशीन संध्याकाळपर्यंत मोकळं हाये.”

मी बाकावर बसलो. समोरच्या रस्त्यावरून बाजाराचे टेम्पो चालले होते. एफ.वाय.ला असताना “नाय सर” म्हणायला मला दोन मिनिटं लागली होती. इथे माझ्याकडे अख्खी दुपार होती. मी चहा घेतला, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणालो, “छापा.”

रशीदभाई उठले. त्यांनी पान मशीनवर चढवलं.

समिती आली, जेवली, ‘काठ’ चाळून माना डोलवल्या. ग्रामीण भागात असं काम म्हणजे कौतुकच, असं अहवालात आलं. प्राचार्यांचा सत्कार झाला. त्यात सर शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, मनापासून वाजवत असावेत असं मला तेव्हा वाटून घ्यायचं होतं. जूनमध्ये मला पर्मनंटची ऑर्डर मिळाली. पेढे घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी अर्धा पेढा घेतला, टेबलाच्या खणातून ‘काठ’ची फाईल आणि लाल पेन काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“आता तुम्ही बघा,” सर म्हणाले.

बारा वर्षं ते मला ‘अरे’ म्हणत होते. त्या दिवसापासून मी ‘अहो’ झालो. स्टाफरूममध्ये भेटले की “बसा,” “चहा घ्या,” “येताय का?” रागाचा एक शब्द नाही. ते रागावले असते तर मी पाय धरले असते. त्या आदराला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं असं मला आजही वाटतं. सर भले होते. पण तितकेही भले नव्हते.

निवृत्त झाल्यावर ते बोरीला गेले आणि दोन वर्षांत वारले. मी दहाव्याला गेलो. सरांच्या पत्नीनं, काकूंनी मला आत बोलावलं. कपाटात देवांच्या पोथ्यांशेजारी ‘काठ’चा तो अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. “तुमी छापलं म्हणून ह्यांचं काम कागदावर तरी आलं,” काकू म्हणाल्या. “न्हाईतर कुणाला कळलं असतं? तुमचे लई उपकार हायेत.” मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला भरून आलंय.

‘काठ’चा संपादक अजून मीच आहे. फोटो वाढलेत, कविता पुन्हा कुठून कुठून येतात आणि मी त्या छापतो. सरांचा प्रश्न मी एकाही मुलाला आजवर विचारलेला नाही. गेल्या वर्षी आणे गावाकडची एक मुलगी कागद घेऊन आली. तो टेबलावर ठेवून ती तशीच उभी राहिली. जा म्हटलं तरी जाईना.

“काय गं?”

“सर, माझे वडील तुमच्याच कॉलेजात व्हते. ते म्हणले, तिथं आधी एक गोष्ट इचारत्यात.” तिनं थोडी वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाली, “माझंच हाये, सर.”

मी कागद न वाचता लाल पेन उचललं आणि कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहिलं.