गेलेल्या नणंदेची पाकिटं

इर्मा टॉरसननं अठ्ठ्याहत्तर वर्षांत काहीच वाया घालवलं नव्हतं. ब्रेडच्या रिकाम्या पिशव्यासुद्धा ती धुऊन वाळवायची आणि बर्फात निघताना मोज्यांवर चढवायची, कारण बूट दोन हिवाळ्यांपासून फाटलेले. तेव्हा नणंद हुल्डा ऐन नवीन वर्षाच्या दिवशी गेली आणि मागं चर्चच्या देणगीची वर्षभराची कोरी पाकिटं राहिली, ती इर्मा टाकून देईल होय? दर रविवारी एक, अशी तिनं सगळी संपवली. आत रोख वीस डॉलर. चेक म्हणजे बँकेला आपल्या स्वयंपाकघरात डोकावू देणं, असं तिचं मत.

पाकिटांवर नाव नसायचं, नुसता नंबर; आणि चर्चच्या वहीत तो हुल्डाच्या नावावर. आपलं नाव कुठंच नाही म्हटल्यावर इर्माचा हात सैल सुटला आणि ती पाकिटांवर मनातलं खरडू लागली. ‘आज प्रवचन पन्नास मिनिटं. ओव्हनमधली कोंबडी करपली.’ ‘बायबलातला योना माशाच्या पोटात तीनच दिवस होता. या प्रवचनातून आमची सुटका कधी?’

वर्ष सरलं. देणगीवर करात सूट मागायची तर देणगी मिळाल्याचं चर्चचं पत्र जोडायला हवं. त्या वाचलेल्या करातूनच नवे बूट येणार होते. पत्र आलं, पण हुल्डाच्या नावानं!

इर्मा तडक चर्चचे हिशेब ठेवणाऱ्या मर्लकडे गेली. प्रवचन देणारे पाळकसाहेब तिथंच कॉफी पीत बसलेले.

“मर्ल, ते पैसे माझे. नाव बदल.”

“बदलतो की, काकू. पण पुरावा? उद्या कुणीही उठून मेलेल्यांची देणगी आपली म्हणेल.” मर्लनं कपाटातून खोकं काढलं. वर्षभराची रिकामी पाकिटं, एकूण एक जपलेली. “हे अक्षर तुमचं?”

इर्मानं पाळकसाहेबांकडे पाहिलं. मग खाली, बुटातून डोकावणाऱ्या ब्रेडच्या पिशवीकडे.

“माझंच मेलं.”

“योनाचं पण?” पाळकसाहेबांचे कान लाल झाले.

“ते तर दोनदा लिहिलंय.”

“अहो बाई, मला वाटलं हुल्डाबाईच वरून लिहून पाठवतायत! वर्षभर झोप नाही मला.”

“तरी प्रवचन काही आखूड झालं नाही.”

मर्लनं खाली मान घालून नवं पत्र टाइप केलं. पाळकसाहेबांनी सही केली. इर्मानं चष्मा चढवला आणि करखात्याला लागते ती शेवटची ओळ मोठ्यानं वाचली: “या देणगीच्या बदल्यात देणाऱ्यास कोणतीही वस्तू अथवा सेवा मिळालेली नाही.”

पत्राची नीट घडी घालून तिनं ते पर्समध्ये ठेवलं.

“घ्या. मी तरी वर्षभर दुसरं काय लिहीत होते?”