खंडेनवमीचं कुंकू आणि मेमरीची खाच

मंडळी, ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायला, चालेल असा परवडणारा मदरबोर्ड आणि डीडीआर टू मेमरी घ्यायला आज शाहूपुरीत बापूंच्या दुकानात गेलो होतो. ते एक बोर्ड दाखवत होते, तेवढ्यात तसलाच बोर्ड आधी नेलेला सर्जेराव नावाचा गिऱ्हाईक मशीन घेऊन आत शिरला.

"दसऱ्यापासनं बंद हाय! स्वस्तातलं भंगार माझ्याच गळ्यात मारलंस व्हय रं?"

"तूच प्रोसेसर पळवून पळवून जाळलास की!" बापू म्हणाले.

सर्जेरावनं कीबोर्ड उचलून त्यांच्या तोंडावर हाणला. बापू काउंटरवर आदळले, काच फुटली, कपाळातून रक्ताची धार लागली. दुसरा घाव मी मधे पडून मनगटावर झेलला. अजून सूज आहे.

बापूंनी कपाळाला रुमाल बांधला, मशीन उघडलं, मेमरी उपसली. खाचेत हळदकुंकू वाळून बसलं होतं.

सर्जेराव खाचेवर वाकला. "खंडेनवमीला आईनं पूजा केलती. झाकण मीच काढून दिलं."

बापूंनी ब्रशनं खाच साफ केली. मशीन सुरू झालं. टेबलावर रक्त आणि कुंकू शेजारीच पडलं होतं, वेगळं ओळखू येत नव्हतं.

बापू मला दाखवत होते तोच बोर्ड मी घेतला. मशीनची पूजा मीही करतो, पण झाकण लावून.

आता घरी त्याची आई विचारेल, "कशानं बिघडलं हुतं रं?" सर्जेरावनं तिला काय सांगावं?