घंटेनंतरची दहा सेकंदं

मी घंटा वाजवली आणि बाराच्या बारा मुली गप्प झाल्या.

खरं तर इथेच त्यांनी गलका करायचा होता. माझ्या स्क्रिप्टमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, ‘घंटा. मुली ओरडत, धावत जेवणघराकडे जातात.’ मी पुन्हा घंटा वाजवली. पुन्हा तेच. मुली हात बांधून, खाली मान घालून उभ्या राहिल्या. चार वेळा वाजवून झाल्यावर मला माझीच घंटा ऐकवेना.

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. मी बंगळूरच्या रेडिओ केंद्रावर प्रोग्रॅम असिस्टंट होते. मूळची बेळगावची, शिक्षण धारवाडला, त्यामुळे घरात मराठी आणि ऑफिसात कन्नड अशी माझी दोन दुकानं आयुष्यभर चालली. टेलिव्हिजन आमच्याकडे यायला अजून बरीच वर्षं होती. मुलांसाठी नाटक म्हणजे रेडिओचं नाटक, तेही बहुतेक लाइव्ह. टेप मोजकी आणि मोठ्या कलाकारांसाठी राखलेली. लाइव्ह म्हणजे तुम्ही बोललात की त्याच क्षणी ते लोकांच्या घरात पोचलं. चुकलात तर चूकही पोचली.

नाटक मीच लिहिलं होतं. बोर्डिंगात राहणाऱ्या मुलींवर, म्हणजे ज्यांना आईबाप नाहीत किंवा असून सांभाळू शकत नाहीत, अशा मुलींवर. अशा नाटकांतल्या मुली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रडतात, याचा मला मनापासून कंटाळा होता. म्हणून मी ठरवलं, आपल्या नाटकातल्या मुली हसतील, भांडतील, गोंधळ घालतील. आणि त्यांची कामं बसवनगुडीतल्या एका बोर्डिंगातल्या खऱ्याखुऱ्या मुलीच करतील. नाटकात एक नवी मुलगी येते, पहिल्याच दिवशी घंटेला घाबरते आणि मोठी मुलगी तिला जवळ घेते, एवढीच गोष्ट. म्हणजे घंटा काढून टाकायचीही सोय नव्हती.

“काय झालं ग?” मी विचारलं. आमचं सगळं बोलणं कन्नडात व्हायचं, इथे मराठीत सांगते.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी गौरव्वा बोलली. ती बारातेरा वर्षांची, उत्तर कर्नाटकातली, मोठ्या मुलीचं काम करणारी. आवाज असा खणखणीत की माइकपासून दोन पावलं मागे उभं करावं लागे.

“अक्का, घंटेनंतर बोलायचं नसतं.”

“अग, ते बोर्डिंगात. हे नाटक आहे.”

“सरी, अक्का,” म्हणजे बरं अक्का, असं बारा जणी एका सुरात म्हणाल्या. मी घंटा वाजवली. बारा तोंडं उघडली, आवाज एकीतूनही नाही. एक धाकटी ‘आ’ म्हणाली आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी.

घंटा दुसऱ्या खोलीत वाजवावी, तर त्या वेळी आमच्याकडे नाटकाचा स्टुडिओ एकच. घंटा, भांडी, दार, पाऊस, सगळं तिथेच आणि सगळ्यांच्या कानांसमोर.

काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये आमचे साहेब, म्हणजे केंद्राचे मुख्य, केव्हा येऊन बसले होते मला कळलंच नाही. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

“रविवारी ब्रॉडकास्ट आहे आणि आज गुरुवार. या मुली बोलत नाहीत.”

“बोलतील, सर.”

“कधी? सोमवारी? आपली नेहमीची मुलं बोलवा. ऑफिसरांची मुलं आहेत, माइकची सवय आहे, ओरडा म्हटलं की ओरडतात. या मुलींना शेवटी प्रार्थना म्हणू दे. स्वल्प ॲडजस्ट करा.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना रविवारची तीस मिनिटं भरून हवी होती आणि मी त्यांना रिकामी देत होते. मी “बघते” म्हटलं. सरकारी नोकरीत ‘नाही’ला ‘बघते’ म्हणतात.

परत आले तर मुली चपला शोधत होत्या. काच बंद असली तरी साहेबांचा चेहरा दिसत होता, तेवढ्यावरून त्यांना सगळं समजलं होतं. गौरव्वा मागे थांबली.

“अक्का, आम्हाला काढलं का?”

“अजून नाही.”

“माझं एक वाक्य तरी ठेवा. ‘इकडे ये, माझ्याजवळ बैस,’ तेवढं.”

“तेवढंच का ग?”

तिनं सांगितलं ते असं. तिचा भाऊ तुमकूरला मुलांच्या बोर्डिंगात होता. आठ वर्षांचा. आई गेल्यावर मुलगी इकडे आणि मुलगा तिकडे अशी वाटणी झाली, कारण मुलामुलींना एकत्र ठेवणारी संस्था कुणाला माहीत नव्हती. दोन वर्षांत भेट नाही. त्याला वाचता येत नव्हतं, तिची पत्रं तिथले मास्तर वाचून दाखवत. पण त्यांच्या हॉलमध्ये रेडिओ होता, आणि तिनं रविवारी ऐक म्हणून कळवून टाकलं होतं.

“पत्रात माझा आवाज नसतो ना,” ती म्हणाली. “तो विसरला असेल.”

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. साहेबांचा नाही, माझाच. मी मोठ्या तोऱ्यात नाटक लिहिलं होतं आणि ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्या घरी मी एकदाही जेवले नव्हते. घंटेनंतरचा गलका मी कुठून आणला? धारवाडच्या माझ्या हॉस्टेलमधून. तिथे आमचे वडील फी भरत होते, आम्ही ओरडलो तर कोण काय म्हणणार! मी त्याच संध्याकाळी ठरवलं की मुली बदलायच्या नाहीत, काय बदलायचं ते उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्डिंगात गेले. मेट्रन सावित्रम्मा उंच, करड्या, पदर खोचलेल्या. त्यांना वाटलं मी तक्रार घेऊन आले.

“मुलींनी काही केलं का?”

“काही केलं नाही, हीच तक्रार आहे,” मी म्हटलं. “मी इथं जेवू का?”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “सारू-भात आहे. चालेल?”

साडेदहाला घंटा झाली. साठ मुली आल्या, अनवाणी, सिमेंटच्या फरशीवर. एकीचाही आवाज नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि शेजारच्या पोरीला सवयीनं विचारलं, “आज भाजी कसली?” साठ माना माझ्याकडे वळल्या. मी आयुष्यात इतकी ओशाळले नव्हते.

मग मी फक्त ऐकत राहिले. पावलं, आधी घाईची, मग रांगेतली. ॲल्युमिनियमच्या ताटल्या एकामागून एक खाली ठेवल्याचा आवाज. बादलीत पळी. मग सगळं थांबलं. शेवटच्या मुलीला वाढून होईपर्यंत कुणी बोट हलवलं नाही. तिची ताटली खाली टेकली तशी प्रार्थना सुरू झाली, आणि प्रार्थना संपताच असा गलबला उठला की माझ्या हॉस्टेलनं हात टेकले असते.

“हा नियम तुम्ही का केला?” मी नंतर सावित्रम्मांना विचारलं. मला वाटलं होतं, शिस्तीवर भाषण ऐकावं लागेल.

“स्वयंपाकीण एक, वाढणाऱ्या दोघी,” त्या म्हणाल्या. “बोलायला लागल्या की धाकट्या मागे पडतात. मोठ्यांचं जेवण होतं आणि धाकटी ताटली घेऊन उभीच. मी आले तेव्हा असंच चालायचं. आता शेवटचीला वाढल्याशिवाय सुरुवात नाही. गप्प असल्या की कोण राहिलं ते दिसतं.”

मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, पहिला प्रवेश पुन्हा लिहिला. घंटा. पावलं. ताटल्या. शांतता. प्रार्थना. मग गलका, आणि गलक्यात गौरव्वाचं वाक्य.

आता अडचण देशपांडे. देशपांडे म्हणजे आमचे ड्यूटी ऑफिसर, धारवाडचे, माझ्याशी मराठी बोलणारे केंद्रावरचे एकमेव गृहस्थ. ड्यूटी ऑफिसर कंट्रोल रूममध्ये बसून काय हवेत जातंय त्यावर लक्ष ठेवतो. रेडिओत शांतता म्हणजे अपघात. ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं. म्हणून दहा सेकंदं काही ऐकू आलं नाही की ड्यूटी ऑफिसरनं स्टुडिओ तोडायचा, म्हणजे तिथलं प्रसारण थांबवायचं, आणि तयार ठेवलेली वीणेची रेकॉर्ड लावायची. तिला फिलर म्हणतात.

“बाई, तुम्ही नाटकात शांतता लिहिलीत?” देशपांडे म्हणाले. “पगार कशाचा घेता मग?”

“आवाज आहेत. बारीक आहेत.”

“मला बारीक-जाड कळत नाही. ही सुई बघा की.” त्यांनी मीटर दाखवला. आवाज आला की त्याची सुई हलते. “हलली तर नाटक. पडून राहिली तर दहा मोजीन आणि वीणा लावीन. आमची नोकरी त्याच्यावर आहे.”

“हलेल,” मी म्हटलं.

शनिवारी तालीम केली तर सुई जागची हलेना! स्टुडिओत गालिचा. अनवाणी पावलांचा त्यावर कसला आवाज होतो? मी सुतारखात्यातून दोन फळ्या आणल्या आणि त्यावर मुलींना चालवलं. ते लग्नाच्या मांडवात खुर्च्या ओढल्यासारखं वाटलं. मग फळ्या काढल्या आणि गच्चीवरची शहाबादी फरशी आणवली, चार तुकडे. त्यावर ती पावलं बरोबर वाजली. ताटल्या मुलींनी स्वतःच्या आणल्या. केंद्राच्या स्टीलच्या ताटल्या दिल्या तर धाकटी म्हणाली, “अक्का, ह्या श्रीमंत वाजतात.”

साहेबांनी तालीम ऐकली. मग पेन्सिल पहिल्या प्रवेशावर टेकवली.

“गलका कुठे गेला?”

“प्रार्थनेनंतर आहे, सर. तिथंच असतो.”

“वीणा वाजली तर?”

“जबाबदारी माझी.”

“लिहून द्या,” ते म्हणाले. मी लिहून दिलं.

रविवारी लाल दिवा लागला. मी घंटा वाजवली. मुली फरशीवरून चालल्या, एकामागून एक ताटल्या टेकल्या. काचेतून सुई दिसत होती, छान नाचत होती. मी मनात ताटल्या मोजत होते. नऊ, दहा, अकरा.

बारावी टेकेना.

बारावी ताटली सगळ्यांत धाकटीच्या हातात होती. लाल दिव्याकडे बघत ती तशीच उभी राहिली होती. तिला ढोसायला अकरा जणी शेजारी होत्या, पण एकही हलली नाही. शेवटच्या मुलीसाठी थांबायचं, हे त्यांना माझ्या आधी सावित्रम्मांनी शिकवलं होतं. प्रार्थना सुरू होईना. सुई खाली पडली. देशपांडेंनी घड्याळ पाहिलं आणि एक हात रेकॉर्डवर नेला. आता वीणा लागली तर स्टुडिओ तुटणार, आणि परत जोडेपर्यंत गौरव्वाचं वाक्य निघून जाणार.

मला बोलता येत नव्हतं. माइक उघडा होता. मी काचेकडे दोन्ही हात जोडले. देवळात कधी इतक्या मनापासून जोडले नसतील. देशपांडेंचे ओठ हलत होते. सहा. सात. आठ.

गौरव्वानं मान वळवून धाकटीकडे पाहिलं आणि नुसत्या डोळ्यांनी तिला खालची फरशी दाखवली. ताटली टेकली, टण्ण! प्रार्थना सुरू झाली. मग गलका झाला, खरा, कान फुटतील असा, आणि त्यावरून गौरव्वाचा आवाज गेला, “इकडे ये, माझ्याजवळ बैस.” माइकपासून दोन पावलं मागे उभं राहायचं ती साफ विसरली होती.

देशपांडे बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. “बाई,” ते म्हणाले, “पुढचं नाटक बाजारावर लिहा.”

सोमवारी मला मेमो मिळाला. ‘प्रसारणात आढळलेल्या शांततेचा खुलासा करावा.’ पत्रंही आली. मल्लेश्वरमच्या एका गृहस्थांनी त्या आठ सेकंदांत आपल्या रेडिओला दोन चापट्या मारल्याचं कळवलं आणि केंद्राचा निषेध केला. मी खुलासा लिहिला, ‘शांतता स्क्रिप्टप्रमाणे होती, थोडी जास्त झाली.’ तो स्वीकारला गेला की नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आठवड्यानं तुमकूरच्या मुलांच्या बोर्डिंगाच्या मास्तरांचं पत्र आलं. ते मी गौरव्वाला बोर्डिंगात जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘आपले नाटक ऐकण्यास चाळीस मुले हॉलमध्ये बसली होती. रेडिओवर घंटा होताच आमची सर्व मुले उठली व जेवणाच्या रांगेत जाऊन गप्प बसली, त्यामुळे पुढील भाग त्यांपैकी कोणी ऐकू शकले नाही. एकच लहान मुलगा रेडिओजवळ बसून राहिला. त्यास तीन वेळा रांगेत बोलावले. तो म्हणाला, माझी अक्का अजून बोलली नाही.’

गौरव्वानं पत्र माझ्याकडून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग ती रडली, आणि माझ्या रडक्या नाटकांवरच्या सगळ्या मतांसकट मीही रडले.

नंतर मी पुष्कळ नाटकं लिहिली आणि नवीन आलेल्यांना शिकवलीही. त्यांना एवढंच सांगत असे की ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्या पंगतीला एकदा जेवून या. आधी जा. नंतर गेलं तरी चालतं, पण मग आयत्या वेळी फरशा उचलाव्या लागतात.