आठ कपॅसिटर आणि एक वाढपी

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे लिहायला बसलोय खरा, पण हे धाडसच. चुकलं तर सांभाळून घ्या.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आंब्याच्या पेट्या मोजणारं यंत्र मी केलं. ते बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचं, पण आतल्या सर्किटला पाचच व्होल्ट हवे. त्यासाठी भांडारातून कन्व्हर्टर निवडताना मी व्होल्ट पाहिले, अँपिअर पाहिले आणि लहानसाच उचलला.

यंत्रावरचे आकडे थोडे थरथरत होते. मुंबईला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांना कळवलं. त्यांनी चहाच्या डब्यातून आठ जाडजूड कपॅसिटर धाडले, वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे. आई म्हणाली, "सगळे लाव हो. उरवलेस तर भावोजींना काय वाटेल?" मुंबईहून आलेलं उरवायची आमच्याकडे रीतच नव्हती. काकांनी पाठवलेला स्वेटर मी भर चैत्रात कोकणात, पावस गावी घातलेला आहे.

आठही लावले. बटण दाबलं, दिवा लुकलुकला, विझला. पुन्हा लुकलुकला, पुन्हा विझला. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते. प्रोजेक्ट गेला तर वर्ष जाणार होतं.

लॅबमधल्या सरांनी आत डोकावून पाहिलं.

"हे काय, लग्न आहे का कुणाचं?"

"काकांनी पाठवलेत, सर."

"अरे, सुरुवातीला रिकामा कपॅसिटर वखवखलेला असतो. तू अख्खी पंगत एकदम बसवलीस आणि वाढपी एकटा! तो पळणार नाही तर काय? तुझा कन्व्हर्टर तसाच, स्वतःला जपायला बंद होतो. त्याला किती जण झेपतील, ते त्याच्या माहितीपत्रकात दिलंय. वाचलंस?"

नव्हतं वाचलं. शेवटून दुसरी ओळ होती. हिशेब केला, तर माझ्या कन्व्हर्टरला दोनच झेपत होते. सहा काढले. दिवा लागला तो लागलाच, आणि आकडेही स्थिर झाले.

परीक्षकांनी विचारलं, "कन्व्हर्टर कसा निवडलास?" मी घाबरत पंगतच सांगितली. ते हसले नाहीत, नुसतं काहीतरी लिहिलं. सुट्टीभर मला तेच दिसत राहिलं. आणि डब्यातले ते सहा, काका विचारतील म्हणून.

एका दुपारी आमच्या फाट्यावर एसटी थांबली. कंडक्टरने खिडकीतून चिठ्ठी दिली, सरांच्या अक्षरातली: "पास झालास. उरलेले सहा पुढच्या पोरांसाठी घेऊन ये. काकांना सांग, सगळे लागले."